पडणाऱ्या माणसांचं इंग्रजी

माझं इंग्रजी पडलेल्या माणसांकडून आलेलं आहे. शिडीवरून पडलेली, झोक्यावरून पडलेली, लग्नाच्या केकवर पडलेली, बर्फावर पाय घसरून पडलेली गोरी माणसं. तू इंग्रजी कुठे शिकलीस, असं कोणी विचारलं तर मी अजूनही खोटं बोलते आणि कॉलेज पुढे करते. खरं सांगितलं तर समोरचा हसतो, आणि हसणाऱ्या माणसांशी माझं जुनं वाकडं आहे.

शाळेत इंग्रजी होतं, नाही असं नाही. सर धड्यातलं एक वाक्य वाचायचे, त्याचा अर्थ मराठीत सांगायचे, आम्ही तो पेन्सिलीने ओळीच्या डोक्यावर लिहायचो आणि परीक्षेत पेन्सिलीचा भाग पाठ करून पेनाने उतरवायचो. अशी मी बारावी झाले. मार्कही बरे पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तारकर्लीच्या किनाऱ्यावर एका परदेशी बाईने मला काहीतरी विचारलं. ती ओलेती उभी होती, अडचणीत होती, बहुधा संडास कुठे आहे असं विचारत असावी, आणि मी सगळं कळल्यासारखी मान हलवत होते. शेवटी बिचारी स्वतःच माडांकडे निघून गेली.

बाबा रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते, आणि मग दोन्ही बाजूंचे दोर धरून वाडीतली माणसं ते हळूहळू वाळूवर ओढून आणतात. जाळं एकाचं नसतं, सगळ्या संघाचं असतं, आणि आलेल्या मासळीचे वाळूवरच वाटे पडतात. आमच्या संघात वाटे घालायचं काम बाबांकडे होतं. हे काम कुणालाही देत नाहीत. बाबांनी घातलेल्या वाट्यावर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्यांचा सगळा मान तेवढ्यावर उभा होता. आमच्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतंच.

या माणसाच्या मनात एक जुनी सल होती. लग्नाआधी काही वर्षं ते गोव्याला ट्रॉलरवर होते. एकदा मासळीची पाटी घेऊन एका मोठ्या हॉटेलात गेले आणि मागच्या दाराऐवजी पुढच्या दाराने शिरले. तिथे कोटवाला मॅनेजर होता, खुर्च्यांवर पाहुणे होते. कोणीतरी इंग्रजीत काहीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाबाही हसले. सगळे हसताहेत म्हटल्यावर माणूस हसतोच. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण कशाला हसलो ते आपल्याला ठाऊक नाही. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. शेवट दर वेळी एकच. "काय म्हटल्यानी तां कळला असता, तर माका राग तरी इलो असतो."

तेव्हापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. काय चाललंय ते कळल्याशिवाय हसायचं नाही. त्यामुळे आमच्या घरात हसणं नेहमी जरा उशिरा व्हायचं.

पुढे आमच्या किनाऱ्यावर पर्यटक यायला लागले. ज्याला त्याला खोल्या काढायची हौस आली, तशी बाबांनाही आली. घरामागे माडांत दोन खोल्या उभ्या राहिल्या, चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं. रस्त्यावर पाटी लागली. पाटी रंगवून होते न होते तोच बाबांनी मला समोर बसवलं.

"शिक गो बाय. आता पावणे येतले, इंग्लिशीत बोलतले. माझ्या दारात येवन माझ्यार कोण हसलो, तर माका कळाक होया."

पाहुण्यांशी गोड बोलता यावं, खोल्या भराव्यात, असलं काही ते बोलले नाहीत. मी इंग्रजी शिकायचं ते एवढ्यासाठी. कोणी हसलं तर कळायला हवं. आज विचार केला तर वाटतं, एखादी भाषा शिकायला याहून कडू कारण असू शकत नाही. तेव्हा मात्र मला ते कारण फार थोर वाटलं होतं.

शिकायचं कुठे हा प्रश्न चुलत भावाने सोडवला. तो गोव्याला समुद्रावरच्या एका शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या झावळ्यांच्या हॉटेलात, कामाला होता. एका गणेशचतुर्थीला येताना त्याने सीडी प्लेअर आणला आणि सोबत सीड्यांची चळत. त्यावर काही छापलेलं नव्हतं, नुसती मार्करची खूण. आत मजेशीर व्हिडिओ होते, एकामागून एक, संपतच नसत. माणसं पडतात, मांजरं पडतात, लपवलेल्या कॅमेऱ्यासमोर म्हातारी माणसं फसतात, आणि मागून कोणीतरी इंग्रजीत बोलतं. त्याने स्वतःसाठी नवा प्लेअर घेतला तसा जुना आमच्याकडेच राहिला.

आई सकाळची मालवणच्या बाजारात मासळी विकून दुपारी परत यायची. जेवणं आटपली आणि लाइट असली, की आम्ही तिघं टीव्हीसमोर. पहिल्या दिवशी आईला पडणाऱ्या माणसांपेक्षा हसणाऱ्यांचंच कोडं पडलं. दर वेळी कोणी पडलं, की शंभर माणसं एकदम हसल्याचा आवाज यायचा.

"ही हसणारी माणसा खंय बसली आसत रे?" तिने भावाला विचारलं. "एक पण दिसत नाय."

"काकी, तां हसणा मशिनीचा. मागसून घालतत."

"मशीन कित्याक हसता?"

त्याने पुढची सीडी घातली. पण आईने ते मनाला लावून घेतलं. मशीन हसायला लागलं, की ती म्हणायची, "गप रव गो बाय मशिनी, तो पडलोसा."

बाबांचं वेगळंच. ते हसायचे नाहीत. शिडीवरचा माणूस खाली आला, की पुढे झुकून विचारायचे, "लागला काय तेका?" व्हिडिओत ते कधी दाखवत नसत. माणूस आपटला रे आपटला, की तिथेच कापून पुढचा सुरू. बाबांना याचा खरोखरच त्रास व्हायचा. पडलेल्याचं पुढे काय झालं ते न दाखवता लोक पुढे कसे जातात, हे त्यांना समजत नसे. मला हसू आवरायचं नाही आणि ते मात्र तपास करत बसायचे.

आणि मी शिकले. इतकी भराभर शिकले, की माझं मलाच नवल वाटलं. शाळेत शब्द आधी यायचा आणि अर्थाची वाट बघावी लागायची. इथे माणूस आधी पडायचा आणि शब्द मागून यायचा, त्यामुळे अर्थ डोळ्यासमोर आयताच असायचा. मांजरीने उलटी केलेल्या गालिच्यावर कोणाचा पाय पडला, की 'ग्रोस'. दोस्ताच्या अंगावर रंगाचा डबा सांडला, की 'माय बॅड'. लपलेला माणूस भसकन बाहेर आला, की 'गॉचा'. कोणाचा चेहरा असा काही झाला, की बघणाऱ्याचे पैसे फिटले, तर 'प्राइसलेस'. ओसरीत एकाने बुजगावण्याचा वेश करून येणाऱ्याजाणाऱ्याला घाबरवलं होतं, तिथे मला 'स्केअरक्रो' मिळाला. आणि 'डूड' तर कुठेही चालायचा, आमच्या 'मेल्या'सारखा.

घरात काही दिवस नुसता धुमाकूळ होता. आई बांगडे घेऊन बाजारात बसायची आणि गिऱ्हाइकाने भाव पाडला रे पाडला, की 'नो वे' म्हणायची. शेजारणीही म्हणायला लागल्या. एका मालवणकर मास्तरांनी तिला सुनावलं, की काकी, हे बरं दिसत नाही, तर ती त्यांनाच म्हणाली, "चिल." मी मासे साफ करताना तोंडाने उच्चार घोळवायची. बोलायची लकबसुद्धा तिथलीच उचलली, नाकातून, जरा लांबवून. बाबा ऐकत राहायचे. त्यांना एकही शब्द कळत नसे, पण त्यांची छाती फुगायची, हे मी बघितलंय.

पाहुण्यांपैकी पहिलं एक परदेशी म्हातारं जोडपं माझ्या वाट्याला आलं. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाले, "हे गाईज, व्हॉट्स अप?" ते दोघं एकमेकांकडे बघून हसले, पण मायेने हसले. तो फरक कळण्याइतकं मला कळत होतं. बाबांनी लगेच कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कित्याक हसले?" मी म्हटलं, "खूश झाले." ते बरोबरच होतं.

पण तेव्हाच मला आपली उणीवही कळली होती. रात्री झोप लागली का, पाणी गरम हवंय का, माशाचा काटा जपून काढा, हे मला इंग्रजीत येत नव्हतं. कोणी स्वतःचं हसं करून घेतलं, तर ते सांगायच्या मात्र नाना तऱ्हा येत होत्या. पडलेल्याला उठवताना काय म्हणतात ते त्या सीड्यांत कोणी म्हणतच नव्हतं, मग मी शिकणार कुठून?

आता त्या सकाळचं सांगते. दोन हजार सातच्या आसपासचा हिवाळा असेल.

मुंबईहून ऑफिसातली पोरं-पोरी आली होती, दोन गाड्या भरून. दोन्ही खोल्या त्यांनी घेतल्या. त्यांची आडनावं आमच्यासारखीच होती आणि घरची भाषाही मराठीच. पाणी हवं असलं, की मराठी बोलायची, आणि हसायचं असलं, की इंग्रजी. हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं आणि खटकलंही, पण बाबांना सांगितलं नाही. त्यांना ती मंडळी आवडली होती. एकाच्या हातात सतत कॅमेरा होता, आणि बाबांना वाटलं, आपला किनारा चार माणसांना दिसेल.

सकाळी रापण लागली होती. ती सगळी किनाऱ्यावर आली आणि दोर ओढू का, म्हणाली. बाबा खुशीत हो म्हणाले. आमच्याकडे कायदा असा, की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. मग तो कोणी का असेना. रस्त्याने जाणारा पोस्टमन असो, शाळेला दांडी मारलेला पोर असो, नवरा बुडालेली बाई असो, हात लावला, की वाटा. आणि आमच्या वाडीत त्यावर आणखी एक होतं. बाहेरच्याचा वाटा आधी उचलला जायचा. पाहुण्याने आपला वाटा हातात घेतल्याशिवाय संघातलं कोणी आपल्या वाट्याला शिवत नसे. वाडवडलांपासून तसंच चाललेलं होतं, आणि आजवर अडलं नव्हतं, कारण ज्याला वाटा मिळतो तो तो उचलतो, यात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

जाळं आलं. तारले होते, बांगडे होते, चार चवदार सौंदाळेही होते. बाबांनी वाळूवर वाटे घातले आणि पाहुण्यांचेही घातले, प्रत्येकाचा वेगळा, अगदी आपल्यासारखेच. त्यांनी जेमतेम फोटोपुरता दोर धरला होता. तरी वाटा पुरा. सौंदाळे बाबांनी त्यांच्याच वाट्यांवर वरून ठेवले. मग हात धुऊन बाजूला उभे राहिले.

एका पोरीने पायाच्या अंगठ्याने एक बांगडा उलथा केला. तो अजून हलत होता. ती किंचाळली, "यक, ग्रोस." एकाने तो उचलून दुसऱ्याच्या शर्टात टाकला. मग मासे एकमेकांवर फेकायचा खेळ झाला, आणि खेळ झाल्यावर सगळे पाण्यात शिरले. वाटे तिथेच, वाळू लागलेले.

रापणकर थांबले. बायका पाट्या घेऊन थांबल्या. आईला मालवणची गाडी गाठायची होती, तीही थांबली. बाबांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग कावळे आले. बाबांनी डोक्याचा लाल चौकड्यांचा पंचा सोडला आणि पाहुण्यांच्या वाट्यांभोवती फिरत कावळे हाकायला लागले. ते वाटे त्यांच्या ताब्यात होते. दुसऱ्याची वस्तू ती, तो येईपर्यंत राखायला नको? ऊन चढत होतं.

शेवटी त्यांनी मला हाक मारली. "तेंका जावन सांग, आपलो वाटो उचला म्हणान. सगळे थांबले आसत."

मी निघाले तशी म्हणाले, "इंग्लिशीत सांग. मराठीत सांगलंस, तर मासेवालीचा चेडू म्हणान ऐकूचे नाय."

मी, मासेवालीची मुलगी, गेले. आता ती मंडळी पाण्याबाहेर येऊन वाळूत बसली होती आणि कॅमेरा बाबांच्या दिशेला होता. मी जवळ पोचेपर्यंत त्यांचं बोलणं कानावर पडायला लागलं. एक जण क्रिकेटची कॉमेंट्री करतात तसा आवाज काढून सांगत होता, आता कावळा डावीकडून येतोय, आता काका सरसावले. दुसरा म्हणाला, "ह्यूमन स्केअरक्रो, डूड." तिसरा म्हणाला, "प्राइसलेस." मला सगळं कळलं. एकही शब्द नवीन नव्हता. दुपारी बाबांच्या शेजारी बसून जे शब्द मी तोंडाने घोळवले होते, तेच मला इथे ऐकायचे होते तर.

तरी मी बोलले. बाबांनी सांगितलं होतं ना. माझ्याकडे होतं तेवढं इंग्रजी गोळा केलं आणि म्हणाले, "हे गाईज, कम ऑन. टेक युवर शेअर. नॉट किडिंग." तोच नाकातला आवाज, तीच लांबवण. मला दुसरं इंग्रजी येतच नव्हतं.

ती सगळी जी हसत सुटली, की एक जण वाळूत आडवाच झाला. कॅमेरा माझ्याकडे वळला. "से इट अगेन." मला वाटलं, वाऱ्याने ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा हसले. एक पोरगी म्हणाली, "शी इज सो क्यूट." तिच्या मनात वाईट नसेलही. मला तिचाच सगळ्यात राग आला.

माझ्या मागे तेवढ्यात एक कुत्रा वाट्यात शिरला. बाबा त्याच्यामागे धावले आणि ओढून ठेवलेल्या दोरात त्यांचा पाय अडकला. ते सरळ पुढे आपटले, उजव्या गुडघ्यावर. कॅमेऱ्यामागून आवाज आला, "ओ मॅन, अँड ही इज डाउन." मी धावत गेले तेव्हा मागे ती अजून हसत होती. लागलं का, असं त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही.

आमचा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, म्हातारा माणूस. तो पुढे झाला, बाबांना हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "पुरे झाला. उचला रे आपले वाटे." वाडीत पहिल्यांदा पाहुण्याआधी घरच्यांनी वाटे उचलले. सगळे गेल्यावर बाबांनी पाहुण्यांचे वाटे पाटीत भरले, लंगडत पाण्यापर्यंत गेले आणि मासे समुद्रात सोडून दिले. मेलेले मासे ते. लाटेने अर्धे पुन्हा वाळूवर आणून टाकले.

दुपारी पाहुणे जेवायला बसले. आईने दुसऱ्याकडून बांगडे आणून तळले होते. पहिला घास घेण्याआधी कॅमेरावाल्याने मराठीत विचारलं, "काकी, फ्रेश आहेत ना?" आई हो म्हणाली. ती तिसऱ्यांदा भात वाढून आत आली आणि चुलीपाशी तोंड फिरवून उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर बाबांनी गुडघ्याला तेल चोळता चोळता विचारलं, "काय बोलत होते गो ते?"

एवढ्यासाठी तर मी शिकले होते. "मजा करी होते," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा गुडघ्याला तेल चोळायला लागले.

संघाची बैठक झाली आणि ठरलं, की यापुढे बाहेरच्यांनी दोर धरायचा तर फोटोपुरता धरावा, वाटा मिळणार नाही. बाबांनी विरोध केला नाही. काही दिवसांनी वाटे घालायचं काम त्यांनी स्वतःहून दुसऱ्याला दिलं, गुडघा वाकत नाही म्हणून. मी सीड्या उचलून माळ्यावर टाकल्या. आईने बाजारात 'नो वे' म्हणायचं सोडलं, तेही कोणी न सांगता.

त्यानंतरच्या चतुर्थीला भाऊ गोव्याहून आला. आता त्याच्याकडे मोबाइल होता, व्हिडिओ दाखवणारा. दुपारी आरती आणि जेवण झाल्यावर सगळे नातेवाईक माजघरात लवंडले होते. भाऊ एकेक व्हिडिओ दाखवत होता आणि मोबाइल या हातातून त्या हातात जात होता. माणसं आधीच पोटभर जेवलेली, त्यात हसून हसून पोटं धरत होती.

"काका, ह्यो बघा," भाऊ म्हणाला. "मस्त आसा. परवाच एका गिऱ्हाइकान ब्लूटूथवरसून पाठवल्यान."

बाबांनी मोबाइल लांब धरला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. वाळूवर एक माणूस कपडा फिरवत कावळे हाकत होता. चित्र बारीक, ऊन जास्त, माणसाचं तोंडही नीट दिसत नव्हतं. मध्येच एक पोरगी येऊन काही बोलली, तेव्हा हसण्याचा मोठा आवाज झाला. मग तो माणूस धावला, पाय अडकून आपटला, आणि तिथेच संपलं. माजघरात सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते पुढे झुकले आणि त्यांनी विचारलं, "लागला काय रे तेका?"

"काय म्हायत, काका. थंयच संपता तां."

आईने पंचा ओळखला होता. तिने भावाच्या हातावर हात ठेवला. मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं आणि हसणं एकेकाच्या तोंडात थांबत गेलं. भावाला खरंच माहीत नव्हतं.

"परत लाव," बाबा म्हणाले.

त्याने परत लावलं. बाबांनी सगळं बघितलं, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे वळले.

"हां हसणा मागसून घातलेला मां? मशिनीचा?"

हो म्हणायला काय लागलं असतं. पण मला या माणसाशी आणखी खोटं बोलवेना. "नाय बाबा. तेंचाच तां."

"ही तूच मां?"

"होय."

"काय सांगतंस तू तेंका?"

"आपलो वाटो उचला म्हणान सांगतंय."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण घरात इंग्रजी मला येत होतं.

"मगे ह्यात हसण्यासारखा काय आसा?" बाबांनी विचारलं.

त्या सीड्या मी कितीदा बघितल्या, कितीदा हसले, आणि हा एवढा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भाऊ ते बंद करायला म्हणून घाईघाईने बटणं दाबत होता. बंद व्हायच्या ऐवजी पुढचा व्हिडिओ सुरू झाला. एक माणूस शिडी चढत होता. तो पडायच्या आधीच बाबांनी मोबाइल भावाच्या हातात दिला आणि उठून मागच्या दाराने माडांकडे गेले. चालताना त्यांचा उजवा पाय अजून थोडा ओढत होता.